नळदुर्ग धबधबा सहल समिती, मर्यादित

नवराबायकोनं दोघांनीच सहलीला जायचं म्हटलं, तर त्र्याहत्तर सालच्या उस्मानाबादेत लोक आधी घरात भांडण झालंय का याची चौकशी करत. माझ्या बाबतीत ती झालीच, पण ते पुढं सांगतो.

आमच्या गावात घराबाहेर पडायची कारणं ठरलेली होती. लग्न, मयत, तुळजापूर आणि आठवड्याचा बाजार. यातल्या कुठंही माणूस मौजेसाठी जात नसे, आणि गेलाच तर तसं कबूल करत नसे. मौज म्हणजे संध्याकाळी एसटी स्टँडवर उभं राहून हैदराबादची गाडी आत शिरताना बघायची आणि कोण उतरलं याची नोंद मनात करून घरी यायचं. मी तेलबिया खरेदी-विक्री संघात लेखनिक. दिवसभर भुईमुगाच्या पेंडीचा हिशोब लिहिणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त करमणूक लागते, असं मला कधी वाटलं नव्हतं.

ते वाटलं आमच्या घरातून. आमची ही, म्हणजे प्रेमा, भूमकडची. तिकडं मुलीला बोलता येण्याआधी विहिरीचं पाणी शेंदता येतं. लग्न होऊन जिल्ह्याच्या गावी आली ती सार्वजनिक नळाच्या रांगेत उभी राहिली, आणि बहात्तरच्या दुष्काळात नळ गेला तेव्हा टँकरच्या मागं धावली. त्या वर्षी आम्ही तांबडी ज्वारी खाल्ली, अंघोळीच्या पाण्यात धुणं धुतलं आणि धुण्याचं पाणी संडासाला ठेवलं. या सगळ्यात तिनं माझ्याकडं काहीही मागितलं नाही. मग पुढच्या वर्षी पाऊस झाला, भादवा भरून आला, आणि एक दिवस नळावरून आल्यावर डोक्यावरची घागर उतरवता उतरवता ती म्हणाली,

"अवो, मला नळदुर्गला न्या की."

"कशाला?"

"पानी बघायला."

"अगं, आत्ता घागरभर घेऊन आलीस की."

"हे भरायचं पानी झालं. मला नुसतं पडताना बघायचंय. ज्याच्या खाली भांडं धरावं लागत न्हाय असलं."

नळदुर्गचा किल्ला मोठा जबर आहे. जुन्या लोकांनी बोरी नदीच किल्ल्यात आणली, तिला दगडी बंधारा घातला आणि बंधाऱ्याच्या पोटात महाल बांधला. नदी भरली की बंधाऱ्यावरून दोन धारा खाली कोसळतात. एकीला नर म्हणतात, दुसरीला मादी. महालात उभं राहिलं तर पाणी डोळ्यासमोरून पडतं आणि अंगावर थेंब येत नाही, असं सांगतात. पण हे सगळं नदी तुडुंब असेतोवर. पूर ओसरला की धारा बंद. आणि आदल्या सालचा अनुभव बघता, पुढच्या वर्षी नदी भरेल याची हमी द्यायला आमच्यात कुणी तयार नव्हतं.

मी म्हणालो, "येत्या रविवारी जाऊ. दोघंच." 'दोघंच' हा शब्द तोंडातून गेल्यावर माझे मलाच कान गरम झाल्यासारखे वाटले. ती चुलीकडं तोंड करून हसली. ते हसू मला पाठीमागूनसुद्धा दिसलं.

इथवर सगळं ठीक होतं. माझी चूक अशी झाली की मी खाजाभाईंना विचारलं. खाजाभाई आमच्या संघाच्या ट्रकचे ड्रायव्हर आणि आमच्या गल्लीतले शेजारी. पेंड घेऊन रोज नळदुर्गावरून जाणारा माणूस. म्हटलं, धारा चालू आहेत का एवढंच विचारावं.

"क्या बोलते ढावारेसाब!" खाजाभाई गल्लीच्या मधोमध उभं राहून ओरडले. "पडतंय का काय इचारता? हायवेवर आवाज येतोय! नर भी चालू, मादी भी चालू! कोन चाललंय बघायला?"

बोलायला मी तोंड उघडलं तोवर तीन खिडक्या उघडल्या होत्या. संध्याकाळपर्यंत आमचं दार वाजायला लागलं. समोरच्या गजराबाईंनी प्रेमाला बाजूला घेऊन काही झालंय का, दोघं एकमेकांशी बोलता ना, माहेरी कळवायचं का, असं सगळं विचारून घेतलं. गजराबाई आमच्या नळाच्या अनभिषिक्त राणी. रांगेत कुणाची घागर कुठं होती याबद्दल त्यांचा शब्द शेवटचा, आणि दुष्काळात तो कलेक्टरच्या शब्दापेक्षा मोठा झाला होता. काही झालेलं नाही, नुसतं पाणी बघायला जातोय, हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा आणखी गंभीर झाला.

"दोघंच जानार? आन् आमी काय पाप केलंय?"

 

रात्री ज्ञानोबातात्या आले. तात्या म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एका सोसायटीचे निवृत्त सचिव. चहाला साखर किती घालावी हेही त्यांच्या घरी ठराव मांडून ठरतं, असं लोक म्हणत. ते बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "श्रीपतराव, एकट्यानं जान्यात तोटा हाय. सहकारी तत्त्वावर चला."

"तात्या, आम्ही दोघं एसटीनं..."

"एसटीत उभं ऱ्हावं लागंल. संघाचा ट्रक हाय की! सभा बोलावतो."

संघाच्या ट्रकात बसायला फुकट मिळणार हे कळल्यावर सभेला विरोध करणारा गल्लीत मीच उरलो. सभा बुधवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर सात वाजता ठरली. मी वेळेवर गेलो. पारावर मी आणि एक म्हातारं कुत्रं. तात्यासुद्धा नाहीत. मला वाटलं, चला, सुटलो, लोकांनी नाद सोडला. साडेसात वाजता गल्ली भरून लोक आले.

"गणपूर्ती नसली की सभा तहकूब व्हती," तात्यांनी मला समजावलं, "आन् तहकूब सभा अर्ध्या तासानं त्याच जाग्यावर घेतली की गणपूर्ती लागत न्हाय. म्हणून पयल्या सभेला कुनी येत नसतं. तुमी कसं काय आलात?"

लोक हसले. संघात इतकी वर्षं नोकरी करून मला हे ठाऊक नसावं, याचं सगळ्यांना वाईटही वाटलं. त्या सभेत सहल समिती स्थापन झाली. अध्यक्ष तात्या. उपाध्यक्षपदासाठी दोन गट पडले, दोघांनाही उपाध्यक्ष करण्यात आलं. सचिवपदासाठी मात्र एकही गट पडला नाही. ते एकमतानं माझ्या गळ्यात आलं. सचिवानं सगळी कामं करायची आणि मतदान करायचं नाही, असा पोटनियम तात्यांनी तोंडीच सांगितला.

रविवार गेला. कारण ट्रक संघाच्या कामाशिवाय हलत नसतो, आणि काम काढायचं तर चेअरमनसाहेबांची सही हवी, आणि चेअरमनसाहेब कुठल्याशा बँकेच्या निवडणुकीसाठी गावोगाव फिरत होते. मी सायकल घेऊन त्यांच्या मागं फिरायचो. एका गावी पोचलो की ते पुढच्या गावी गेलेले असायचे. दरम्यान खाजाभाई रोज संध्याकाळी नळदुर्गहून परत येताना आमच्या दारासमोर हॉर्न वाजवून बातमी देऊन जायचे.

"नर चालू, मादी चालू!"

दोन दिवसांनी, "नर चालू, मादी थोडी कमजोर है!"

मग, "ढावारेसाब, जल्दी करो! मादी बारीक झाली, नर भी थकलाय!"

प्रत्येक हॉर्नला प्रेमा हातातलं काम टाकून दाराशी यायची. बातमी ऐकायची आणि आत जायची. तिनं एकदा तरी मला टोचून बोलावं असं मला वाटे. बोलली असती तर मला उलट बोलता आलं असतं. पण ती नुसती भाकरी थापायची, आणि त्या थापण्याचा आवाज मला ऐकवत नसे. त्या आठवड्यात दोन रात्री पुन्हा पाऊस झाला नसता, तर माझी समिती तिथंच विसर्जित झाली असती.

शेवटी चेअरमनसाहेब एका बारशाच्या पंगतीत सापडले. त्यांनी मठ्ठा पिता पिता मान हलवली. ट्रक नळदुर्गच्या गोदामात पेंड पोचवायला जाईल आणि वाटेत कुणी बसलं तर संघाची हरकत नाही, असा मार्ग निघाला. म्हणजे आम्ही सहलीला जाणार होतो ते पेंडीच्या पोत्यांवर बसून.

निघायचा दिवस उजाडला. मी धुतलेला टेरिलीनचा सदरा घातला होता. प्रेमानं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि दशम्या, पिठलं, शेंगाचटणी बांधून घेतली होती. ट्रक गल्लीत उभा. केबिनमध्ये अध्यक्ष तात्या, कारण त्यांचा गुडघा. त्यांच्या शेजारी दोन्ही उपाध्यक्ष, कारण एकाला बसवलं तर दुसरा चिडला असता. सचिव मागं. बाया चढल्या, पोरं चढली, आणि सगळ्यात शेवटी गजराबाई एक हंडा आणि दोन घागरी घेऊन चढल्या.

"हे कशाला, गजराबाई?"

"पान्याच्या जाग्याला चाललाव, आन् रिकाम्या हातानं यायचं? नळाचं काय खरं हाय?"

हे शब्द गल्लीत पोचायचा अवकाश, चढलेल्या सगळ्या बाया उतरल्या आणि आपापल्या घरात पळाल्या. घागरी आल्या, कळशा आल्या, बादल्या आल्या, डालड्याचे डबे आले. एका घरातून तर बाळाला न्हाऊ घालायचं घंगाळ आलं. एकटी प्रेमा उतरली नाही. ती दशम्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसून राहिली.

खाजाभाईंनी इंजिन चालू केलं आणि त्याच क्षणाला गल्लीच्या कोपऱ्यावरचा नळ खोकला.

त्या वेळी नळ यायची वेळ नव्हती. तो असा अवेळी कधी येत नसे. पण आला. आधी वारा, मग लाल पाणी, मग चांगली मनगटाएवढी धार. ट्रकातल्या सगळ्या माना नळाकडं वळल्या. मग मी माझ्या आयुष्यात बघितलेली सगळ्यात शिस्तबद्ध पळापळ झाली. पाणी बघायला निघालेली सहल पाणी आलं म्हणून थांबली. भांडी भरली, घरातल्या रांजणात रिकामी झाली, पुन्हा रांगेत लागली. अध्यक्षसुद्धा कळशी घेऊन उभे राहिले. गुडघ्याचं त्यांना त्या वेळी काही वाटलं नाही. नळ जाईपर्यंत उन्हं डोक्यावर आली, आणि मग सगळी रिकामी भांडी परत ट्रकात चढली.

वाटेतलं फारसं सांगत नाही. तुळजापूरला चहासाठी थांबलो तेव्हा माझ्या सदऱ्याला लागलेला पेंडीचा वास एका म्हशीला आला आणि तिनं माझी पाठ मन लावून चाटली. लोकांनी तिला हाकललं नाही. नळदुर्गला गोदामवाला जेवायला गेलेला, हमाल त्याच्याबरोबर. पोती उतरवल्याशिवाय ट्रक किल्ल्याकडं न्यायला खाजाभाई तयार नाहीत, कारण आधी संघाचं काम. तात्यांनी केबिनमधून श्रमदानाची घोषणा केली. श्रम सचिवाचे होते.

किल्ल्यात शिरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. "अंधार पडायच्या आत निकलना है," खाजाभाईंनी बजावलं. "ट्रकात बाया-पोरं हैत. घंटाभर बघा आन् चला."

आणि मग आवाज आला. आधी पायाला कळला, मग कानाला. बंधाऱ्यावरून नर कोसळत होता, पांढराफेक, आणि पलीकडं मादी जरा बारीक पण चांगली जिवंत. सगळी गल्ली जागच्या जागी उभी राहिली.  मी प्रेमाकडं बघितलं. तिचं तोंड किंचित उघडं होतं.

हे फार तर पाव मिनिट टिकलं असेल.

काठावर बंधाऱ्याच्या बाजूच्या भिंतीतून, दगडाच्या एका फटीतून, एक धार पडत होती. मनगटाएवढी. थेट आमच्या नळासारखी. समोर अख्खी नदी उलथत होती, पण गजराबाईंची नजर त्या धारेवर गेली. "थांबा! माजा पयला नंबर!" त्या ओरडल्या आणि हंडा खाली लावला. त्यांच्यामागं घागर लागली, घागरीमागं बादली, बादलीमागं घंगाळ. बघता बघता धबधब्याच्या साक्षीनं रांग उभी राहिली. ज्यांना भांडं आणायला ट्रककडं जायचं होतं त्यांनी नंबराला दगड ठेवले. कुणाचा दगड कुणी सरकवला यावरून बोलाचाली झाली. एक उपाध्यक्ष म्हणाला, केबिनमध्ये मी खिडकीशी बसलो होतो, तेव्हा माझं घर आधी. दुसऱ्यानं हरकत घेतली.

"सचिव कुठं हैत? निकाल द्या!" तात्या ओरडले.

आणि गजराबाई प्रेमाला म्हणाल्या, "तुजं भांडं न्हाय न्हवं? मग तू नंबर सांबाळ. तुझा कुनाचाच पक्ष न्हाय. हितं उभी ऱ्हा, आन् कुनी मधी घुसलं की मला सांग."

ती उभी राहिली. इतकी वर्षं नळावर तेच करत आलेली बाई, सांगितलं तशी उभी राहिली. तिची पाठ धबधब्याकडं होती आणि तोंड रांगेकडं. हिरव्या लुगड्यावर मागून तुषार येत होते. ती भांडी मोजत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते तुषारांचं नव्हतं, हे मला तिथूनही कळलं.

मी फार भांडखोर माणूस नाही. ऑफिसात माझी पेन्सिल कुणी नेली तर मी दुसरी आणतो. पण म्हशीनं चाटलेला, पोत्यांनी फाटलेला तो सदरा घालून मी तिथं उभा होतो आणि मला एकदम सगळ्याचाच राग आला. तात्यांचा, गणपूर्तीचा, चेअरमनच्या मठ्ठ्याचा, आणि सगळ्यात जास्त माझा.

"तात्या," मी म्हणालो, "माझा राजीनामा."

"आरं, तो सभेपुढं ठेवावा लागंल..."

"ठेवा. तहकूब करा. अर्ध्या तासानं मंजूर करा."

आणि मी जाऊन प्रेमाचा हात धरला. अख्ख्या गल्लीसमोर. दिवसाढवळ्या. कुणाच्या तरी हातातला डालड्याचा डबा खाली पडला तो आवाज मला धबधब्यातूनही ऐकू आला. "अवो, काय करताय, लोकं बघत्यात," ती म्हणाली, पण हात सोडवला नाही. मी तिला घेऊन बंधाऱ्यातल्या जिन्यानं खाली महालात उतरलो.

आत अंधार, गारवा आणि दगडी कमानीची खिडकी. खिडकीच्या बाहेर पाण्याची भिंत. इतकी जवळ की हात पुढं केला तर ओढून नेईल. अंगावर खरंच थेंब येत नव्हता. प्रेमा कमानीला टेकली आणि बघत राहिली. मी तिच्या शेजारी उभा राहिलो. बोलायची सोयच नव्हती, इतका आवाज. मला फार बरं वाटलं. तसं बरं मला लग्नातही वाटलं नव्हतं. तिथं माझी पादत्राणं हरवली होती.

थोड्या वेळानं जिन्यावरून कुणीतरी उतरताना दिसलं. गजराबाई. कमरेवर भरलेली घागर. आम्हाला बोलवायला, किंवा हात धरल्याबद्दल दोन शब्द ऐकवायला आल्या असाव्यात. पण खिडकीपाशी आल्या आणि थांबल्या. कमरेवरची घागर त्यांनी हळूच खाली ठेवली. इतकं पाणी त्यांनीही इतक्या जवळून बघितलं नव्हतं. दुष्काळात त्यांची म्हातारी सासू पाणी पाणी करत गेली, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग खिडकीतून पुढं वाकल्या आणि त्या पाण्याला, पोटच्या पोराला उशिरा घरी आल्यावर ओरडावं तसं, ओरडल्या,

"आरं मुडद्या, मागल्या साली कुठं मेला हुतास!"

मी दचकलो. प्रेमाही दचकली. तिनं गजराबाईंकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं, आणि ज्या बाईचा आवाज मी कधी चुलीपलीकडं गेलेला ऐकला नव्हता, ती पदर खोचून खिडकीत उभी राहिली.

"कुठं हुतास रं? आमी टँकरच्या मागं पळत हुताव तवा कुठं हुतास? आँ? आता नाचून दावतोस व्हय!"

मग दोघी मिळून ओरडायला लागल्या. वर आवाज पोचला नसणार, पण कसं कोण जाणे, एकेक बाई जिना उतरून यायला लागली. खाजाभाईंची बायको रजियाबी आली, तिनं दखनीत सुरुवात केली. कुणी बैल विकल्याचं सुनावलं, कुणी दुष्काळी कामावर खडी फोडून हात फुटल्याचं, कुणी नुसत्याच शिव्या दिल्या. नर मुकाट्यानं कोसळत राहिला. बाया ओरडत होत्या, हसत होत्या, मधेच डोळे पुसत होत्या आणि पुन्हा ओरडत होत्या. वर रांगेतली भांडी सांभाळायला तात्या आणि दोन उपाध्यक्ष तेवढे राहिले होते.

खाजाभाईंचा हॉर्न वाजायला लागला. एकदा, दोनदा, मग सलग. बाया घसा बसेपर्यंत बोलून जिना चढल्या. प्रेमा तशीच खिडकीत. केस सुटलेले, तोंड लाल, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मला ती अशी पोटभर जेवल्यासारखी दिसली. मी तिच्या कानाशी जाऊन ओरडलो,

"चल आता! उशीर होतोय! झालं ना बघून?"

तिनं माझा हात बाजूला केला आणि पलीकडच्या खिडकीकडं वळली.

"थांबा जरा. मादीला बोलायचं ऱ्हायलंय."